लक्झेंबर्ग देश राहिला, मग बडोदं का नाही राहिलं?

विश्वामित्री | रविवार, सकाळी ९.१०

नमस्कार मंडळी,

दांडिया बाजारात माझ्या घरी दर शनिवारी संध्याकाळी आठवी ते दहावीची दहा-बारा मुलं जमतात. घरी मराठी, शाळा गुजराती नाहीतर इंग्रजी. मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून आम्ही एकत्र इतिहास वाचतो, परीक्षेचा नव्हे, मुलांना हवा तो. काल भिंतीवर युरोपचा नकाशा लावला होता. नववीतली एक मुलगी बराच वेळ त्याला नाक लावून उभी होती. मग म्हणाली, "मावशी, याचं नावसुद्धा याच्या आत मावत नाही. बाहेर लिहून बाण काढलाय. तरी हा देश राहिला. मग आपलं बडोदं का नाही राहिलं?"

बोट लक्झेंबर्गवर होतं. मी "इंग्रजांमुळे" असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली, आणि ते उत्तर मला रात्रभर टोचत राहिलं.

बघा ना. लक्झेंबर्ग २,५८६ चौरस किलोमीटर. बडोदा संस्थान २० हजारांच्या वर. १९४१ च्या शिरगणतीत आपल्याकडे साडेअठ्ठावीस लाख माणसं, त्यांच्याकडे तेव्हा तीन लाखांच्या आसपास. आपली स्वतःची रेल्वे होती, १९०६ पासून सगळ्या राज्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण होतं, १९०८ मध्ये बँक निघाली. माझे पणजोबा नवसारी प्रांतात वहिवाटदाराच्या (म्हणजे तालुक्याच्या अधिकाऱ्याच्या) कचेरीत कारकून होते. त्यांच्या ट्रंकेतला एक बाबाशाही रुपया मी हे लिहिताना समोर ठेवलाय. एका बाजूला सयाजीरावांचा चेहरा, दुसऱ्या बाजूला नागरीत "एक रुपया" आणि खाली तलवार. कडा बोटांनी झिजून गुळगुळीत झाली आहे. ज्याचं नाणं असं खणखणीत, ते राज्य नकाशावरून जातं कसं?

माझं मत असं होत चाललंय की दोन मोठे शेजारी एकमेकांना अडवून धरतात तोवरच छोटा देश टिकतो. बाकी सगळं नशीब. पुढच्या शनिवारपर्यंत मला त्या मुलीला नीट उत्तर द्यायचंय. मदत करा.

सुरसागर_काठ | रविवार, ९.३२

काय प्रश्न विचारलाय पोरीने! तिला माझ्याकडून एक प्लेट शेवउसळ, तिखट तरी मारके. धाग्यावर खूण ठेवतोय.

ग्वाल्हेरचा_अण्णा | रविवार, १०.०५

ताई, तुमचं "इंग्रजांमुळे" हे उत्तर अगदी चूक नाही, फक्त अर्धं आहे. मुलांना मल्हारराव गायकवाडांचा खटला सांगा. रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, कर्नल फेअरला विष घालण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप होता. १८७५ मध्ये चौकशीला सहा जणांचं कमिशन बसलं, तीन इंग्रज आणि तीन हिंदी. हिंदी तिघांत आमचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. तिघा इंग्रजांनी दोषी ठरवलं, तिघा हिंदींनी ठरवलं नाही. मतं तीन-तीन. तरी गादी गेलीच, गैरकारभाराचं कारण देऊन. मग विधवा महाराणी जमनाबाईसाहेबांनी कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला आणि आपल्याला सयाजीराव मिळाले.

मल्हाररावांचा कारभार चांगला होता असं मी म्हणत नाही. पण ज्या राज्याचा राजा दुसऱ्याच्या हुकमाने उतरतो आणि त्यावर कुठे दाद मागता येत नाही, त्याला देश कसं म्हणायचं? २१ तोफांची सलामी होती, ग्वाल्हेरलाही होती. पण परदेशात वकील नाही, कोणाशी तह करायची मुभा नाही. तोफा कितीही उडवा, बाहेरच्या जगाच्या दफ्तरात आपली नोंदच नव्हती.

राजवाड्यापासचा | रविवार, १०.४०

इंदूरहून लिहितोय. अण्णांशी सहमत. आमच्याकडे हीच गोष्ट ५७ वर्षं आधी झाली. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरची लढाई हरलो आणि ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह. त्या दिवसापासून होळकरांची सेना नावाला आणि रेसिडेन्सी गावाला. तरी माणसं स्वस्थ बसली नाहीत हो. दुसऱ्या तुकोजीरावांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोट रुपये कर्ज दिलं, १०१ वर्षांच्या मुदतीने, साडेचार टक्क्यांनी. मला या गोष्टीचा लहानपणापासून अभिमान आहे. मालक इंग्रज आणि सावकार आम्ही!

विश्वामित्री | रविवार, ११.१५

अण्णा, तीन-तीन मतांची गोष्ट सांगायलाच हवी. पण मग पुढचा प्रश्न येणारच. लक्झेंबर्ग तरी कुठे स्वतंत्र होतं? १८१५ मध्ये ते हॉलंडच्या राजाला दिलं आणि किल्ल्यात प्रशियाची, म्हणजे तेव्हाच्या बड्या जर्मन राज्याची, फौज बसवली. ही रेसिडेन्सीच झाली की.

दफ्तरबंद | रविवार, दुपारी १.२०

ताई, बरोबर पकडलंत. मी नोकरीभर जुनी कागदपत्रं सांभाळली, त्यामुळे तह वाचण्याचा नाद आहे.

लक्झेंबर्गचं नशीब सुरुवातीला आपल्याहून वाईटच होतं. १८३९ च्या लंडनच्या तहात त्याचा अर्ध्याहून जास्त मुलूख बेल्जियमला गेला. १८६७ मध्ये फ्रान्सला तो देश विकत हवा होता, प्रशिया अडून बसला, युद्ध पेटायची वेळ आली. तेव्हा पुन्हा लंडनला बैठक झाली आणि ठरलं की प्रशियाची फौज जाईल, किल्ला पाडला जाईल, देश कायमचा तटस्थ राहील आणि मोठी राष्ट्रं त्याची हमी घेतील. तो किल्ला एवढा अवाढव्य होता की पाडायला सोळा वर्षं लागली. इथवर तुमचं "दोन शेजारी अडवून धरतात" हे म्हणणं खरं आहे.

पण हमीचा उपयोग किती झाला? १९१४ मध्ये जर्मन सैन्य आलं, १९४० मध्ये पुन्हा आलं. तटस्थतेचा कागद दोन्ही वेळा फाटला.

मला सांगायची आहे ती पुढची गोष्ट. ऑक्टोबर १९४१ मध्ये जर्मनांनी तिथे शिरगणती काढली. तीन प्रश्न होते: मातृभाषा कोणती, वंश कोणता, राष्ट्रीयत्व कोणतं. लोक तिन्ही ठिकाणी "जर्मन" लिहितील अशी अपेक्षा होती. लक्झेंबर्गची बोली जर्मनची पोटभाषा, तिला वेगळं धरायचं नाही अशी सूचनाच होती. चोरून पत्रकं वाटली गेली: तिन्ही वेळा लक्झेंबर्गी लिहा. लोक तसंच लिहिणार हे दिसल्यावर जर्मनांना ती मोजणी रद्द करावी लागली. पुढच्या वर्षी सक्तीची सैन्यभरती जाहीर झाली तेव्हा देशभर संप झाला. त्यापायी २१ माणसांना मारलं.

फौज पेन्सिलीने हटत नाही, मला माहीत आहे. तो देश दोस्तराष्ट्रांच्या सैन्यानेच सोडवला. पण युद्धानंतर हा मुलूख कोणाचा, असं विचारायची गरज कोणाला पडली नाही. उत्तर त्या तीन रकान्यांत होतं.

नेहा_वासणा_रोड | रविवार, १.४४

अंगावर काटा आला, काका. तीन रकाने.

टॅलिनची_मामी | रविवार, ३.३०

माझा भाचा टॅलिनला नोकरीला आहे, मी दोन महिने राहून आले. दफ्तरबंद काकांच्या गोष्टीला माझी एक जोड.

एस्टोनिया १९१८ ला स्वतंत्र झाला, १९४० मध्ये सोव्हिएत संघाने गिळला. पण अमेरिकेने ते कधीच मान्य केलं नाही, त्यामुळे न्यूयॉर्कमधली एस्टोनियाची वकिलात चालूच राहिली. देश नकाशावर नाही, सरकार नाही, पण कचेरी उघडी! एर्न्स्ट याकसोन नावाचे गृहस्थ तिथे तरुणपणी लागले, १९६५ पासून कचेरीचे प्रमुख झाले आणि नसलेल्या देशाचे पासपोर्ट देत राहिले. १९९१ मध्ये देश परत आला तेव्हाही ते खुर्चीवर होते. भाच्याने हे सांगितलं तेव्हा मी जेवता जेवता थांबले. एवढी वर्षं रोज सकाळी जाऊन कुलूप काढायचं, कशाच्या भरवशावर?

आणि २३ ऑगस्ट १९८९. हिटलर-स्टालिनच्या कराराला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी टॅलिनपासून रीगावरून व्हिल्नियसपर्यंत, सहाशेहून जास्त किलोमीटर, सुमारे वीस लाख माणसं हातात हात धरून उभी राहिली. तीन्ही देशांची मिळून लोकसंख्या ऐंशी लाखसुद्धा नव्हती.

राजवाड्यापासचा | रविवार, ४.०२

मामी, सहाशे किलोमीटर म्हणजे इंदूरहून मुंबई धरा की. अपन लोक आग्रा रोडवर हात धरून उभे राहिलो तर सेंधव्याला पहिला पोहे-जलेबीचा ब्रेक होईल.

टॅलिनची_मामी | रविवार, ४.१०

तिथे ब्रेडचे तुकडे वाटले असतील, आपण पोहे वाटू. साखळी तुटू द्यायची नाही म्हणजे झालं.

पाणीवाला_अभियंता | रविवार, रात्री ८.५०

तुम्ही सगळे मन आणि कागद म्हणताय, मी थोडा खाली येतो. पोटावर आणि नळावर.

मी अकरा वर्षं सिंगापूरला होतो. ९ ऑगस्ट १९६५ ला त्यांना मलेशियातून बाहेर पडावं लागलं. ली क्वान यू यांना दूरदर्शनवर रडू आवरलं नाही. जगात स्वातंत्र्य मिळाल्यावर असं रडलेला नेता मला दुसरा माहीत नाही. कारण साधं होतं, प्यायचं पाणी मलेशियाच्या जोहोर राज्यातून नळाने यायचं. ३१ जानेवारी १९४२ ला जपान्यांना अडवायला इंग्रजांनी जोहोरकडचा रस्ता उडवला, त्याबरोबर पाण्याचा नळही तुटला, हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून वेगळं होताना १९६१ आणि १९६२ चे पाणीकरार त्यांनी वेगळं होण्याच्या करारातच पक्के करून घेतले. दुसरा करार २०६१ पर्यंत आहे. पण ते २०६१ ची वाट पाहत बसले नाहीत. पावसाचं पाणी धरलं, सांडपाणी शुद्ध करून वापरात आणलं, समुद्राचं पाणी गोडं केलं. १९६७ पासून तरुणांना सक्तीची सैनिकी सेवा. इंग्रजांनी तळ हलवतो म्हटल्यावर रडत न बसता गोद्या ताब्यात घेऊन जहाजदुरुस्तीचा धंदा काढला.

छोट्या देशाची नस शेजाऱ्याच्या हातात असते. ती कोणती, हे ओळखून ज्याने हळूहळू सोडवून घेतली तो टिकला. बडोद्याची नस कोणती होती, ताई? नकाशा काढून बघा. बडोदा, कडी, नवसारी, अमरेली, आणि पार टोकाला ओखामंडळ. एका प्रांतातून दुसऱ्यात जायचं तर मध्ये दुसऱ्याचा मुलूख. असा देश कोणाला सांभाळता येईल?

विश्वामित्री | रविवार, ९.२५

हे मात्र मी विसरलेच होते. पणजोबांची बदली नवसारीहून अमरेलीला झाली तेव्हा पणजी म्हणाली होती, "परमुलखातून जायचं." घरात ते वाक्य चेष्टेने म्हणतात. आज त्याचा अर्थ लागला.

खरंतर_बोलू | सोमवार, सकाळी ७.१५

सगळं छान चाललंय, पण सिक्कीमचं नाव कोणी का काढत नाही? दुसऱ्यांच्या मोठ्या शेजाऱ्यांबद्दल बोलताना आपणही कोणाचे तरी मोठे शेजारी आहोत हे मुलांना सांगणार की नाही? १९५० च्या तहाने सिक्कीमचं संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार भारताकडे आले. १९७३ ला आंदोलन, १९७५ ला सार्वमत आणि १६ मे १९७५ ला ते भारताचं २२ वं राज्य. चोग्याल, म्हणजे सिक्कीमचे राजे, आणि त्यांचे पाठीराखे याला अखेरपर्यंत अन्याय म्हणत राहिले.

ग्वाल्हेरचा_अण्णा | सोमवार, ७.५८

सांगावंच. पण पूर्ण सांगावं. सिक्कीममध्ये राजाविरुद्धचं आंदोलन कोणी बाहेरून आणून ठेवलं नव्हतं. बहुसंख्य नेपाळी भाषकांना मताचं समान वजन हवं होतं, ते दरबार देत नव्हता. १९७४ च्या निवडणुकीत काझी ल्हेंडुप दोर्जींच्या पक्षाने ३२ पैकी ३१ जागा जिंकल्या.

खरंतर_बोलू | सोमवार, ८.२०

अण्णा, आंदोलन खरं होतं हे मान्य. पण सार्वमताच्या आधी राजवाड्याच्या पहारेकऱ्यांना भारतीय सैन्याने निःशस्त्र केलं होतं, हेही खरं आहे. दोन्ही एकाच वहीत लिहा एवढंच म्हणतो.

दफ्तरबंद | सोमवार, ९.००

दोघांचंही वहीत लिहावं. आणि त्याच पानावर भूतान लिहावा. १९४९ च्या तहात भूतानने परराष्ट्र व्यवहारात भारताचा सल्ला मानायचं कबूल केलं होतं, म्हणजे सुरुवात सिक्कीमसारखीच. पण १९७१ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांचे सभासद झाले, आणि २००७ मध्ये बसून, बोलून तो सल्ल्याचा मुद्दा तहातून काढून घेतला. घरातही राजाने आपण होऊन वाट मोकळी केली. २००६ मध्ये चौथ्या राजांनी गादी सोडली, २००८ मध्ये निवडणूक आणि राज्यघटना आली. शेजारी तोच, डोंगरही तेच. फरक दरबारात पडला. अर्थात भूतान सोडून जावं लागलेल्या नेपाळी भाषकांचं दुःख त्या गोष्टीत आहेच, ते मी लपवणार नाही.

नेहा_वासणा_रोड | सोमवार, ९.४०

अवांतर: आमच्या ऑफिसात मराठी म्हटलं की लोक पुणं-मुंबई धरतात. बडोद्यात मराठी कशी आली, हे दर वेळी सांगावं लागतं. हा धागा त्यांना पाठवणार आहे.

सुरसागर_काठ | सोमवार, १०.१२

मराठीचं निघालं म्हणून. मॉरिशसला गेलो होतो तेव्हा गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी! तिथल्या मराठी घरांत पाचव्या-सहाव्या पिढीची माणसं आरती म्हणतात. त्या देशाचं तर १२ मार्च १९६८ ला स्वातंत्र्य मिळताना भविष्य अंधारच होतं. एक ऊस सोडून काही नाही, आणि जानेवारीतच पोर्ट लुईमध्ये दंगल होऊन ब्रिटिश सैनिक बोलवावे लागले होते. त्यांनी एक वेगळीच व्यवस्था ठेवली. संसदेत ६२ निवडून आलेले, शिवाय आठ जागा हरलेल्यांतल्या सर्वांत जास्त मतं मिळालेल्यांना, जेणेकरून कुठलाही समाज सभागृहाबाहेर राहू नये. या पद्धतीवर तिथे भांडणंही खूप आहेत, कारण उमेदवाराला आपली जमात लिहावी लागते. पण हरलेल्याला आत घ्यायचं, ही कल्पना मला फार आवडली.

पाणीवाला_अभियंता | सोमवार, १०.३०

आणि त्यांची चागोस बेटं? १९६५ मध्ये, स्वातंत्र्य देण्याआधी तीन वर्षं, ब्रिटनने तोडून घेतली. तिथल्या रहिवाशांना घरातून काढलं. ज्याला घाई असते त्याच्याकडून मोठा काय लिहून घेईल सांगता येत नाही.

कडीची_लेक | सोमवार, दुपारी ४.४५

कालपासून वाचतेय, आता राहवत नाही. माझं माहेर कडीचं, आजोबा प्रजामंडळात, म्हणजे संस्थानातल्या प्रजेच्या हक्कांच्या चळवळीत, होते. मला वाटतं आपण सगळे एक गोष्ट गृहीत धरून बोलतोय की बडोदं "राहिलं नाही" म्हणजे हरलं.

आजोबांना विचारलं असतं तर ते चिडले असते. त्यांना स्वातंत्र्य हवं होतं, आणि सभा, जप्त्या, तुरुंग सगळं त्यासाठीच केलं. पण त्यांच्या स्वातंत्र्याचा नकाशा बडोद्याचा नव्हता. शेजारच्या इंग्रजी मुलखातल्या गावात मामाचं घर, तिथेही तीच भाषा, तोच चरखा, तेच गांधीजी. मध्ये फक्त जकातनाका. सयाजीरावांनी शाळा काढल्या म्हणून आजोबा वर्तमानपत्र वाचायला शिकले, आणि वर्तमानपत्र वाचलं म्हणून राजा नको, जबाबदार राज्यपद्धती हवी असं म्हणायला लागले. ते महाराजांचा फोटो घरात लावायचे आणि प्रजामंडळाची वर्गणीही गोळा करायचे. दोन्ही मनापासून.

एप्रिल १९४७ मध्ये, बाकीची कितीतरी संस्थानं कुंपणावर बसली होती तेव्हा, घटना समितीत पहिल्यांदा जी मोजकी संस्थानं सामील झाली त्यांत बडोदं होतं. १ मे १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. प्रतापसिंहराव महाराज नंतर विरोधात गेले, १९५१ मध्ये त्यांची मान्यता काढली गेली. पण तोवर प्रजा कधीच पुढे निघून गेली होती.

लक्झेंबर्गच्या माणसाने तीन रकान्यांत तीनदा लक्झेंबर्गी लिहिलं. माझ्या आजोबांना तो कागद दिला असता तर भाषेच्या रकान्यात गुजराती, आणि राष्ट्राच्या रकान्यात भारत. बडोदं त्यांनी पत्त्यात लिहिलं असतं.

दफ्तरबंद | सोमवार, ५.०५

ताई, मी काल जे लिहिलं त्याचा दुसरा अर्धा भाग तुम्ही लिहिलात.

राजवाड्यापासचा | सोमवार, ५.३०

आमच्याकडे २८ मे १९४८ ला मध्यभारत झालं. शिंदे राजप्रमुख, होळकर उपराजप्रमुख. ग्वाल्हेर-इंदूर राजधानीवरून केवढी ओढाताण, शेवटी हिवाळा ग्वाल्हेरला आणि उन्हाळा इंदूरला. पण माझे वडील सांगायचे, इंदूरचा माणूस राजधानीसाठी भांडला, वेगळ्या देशासाठी नाही. कडीच्या ताईंचं वाचून ते आठवलं.

ग्वाल्हेरचा_अण्णा | सोमवार, ५.४१

हिवाळ्याचा मान आमचा होता, हे विसरू नका.

विश्वामित्री | शनिवार, रात्री ९.००

मंडळी, आज मुलं येऊन गेली.

मी भाषण दिलं नाही. ट्रेसिंग पेपरवर एकाच प्रमाणात लक्झेंबर्ग आणि बडोदा संस्थान काढून ठेवलं होतं. लक्झेंबर्गचा एक तुकडा, बडोद्याचे विखुरलेले तुकडे. मुलांनी लक्झेंबर्ग उचलून आमच्या कडी प्रांतावर ठेवून पाहिलं, त्यात मावलं, तेव्हा एकच गलका झाला. मग अण्णांची तीन-तीन मतं सांगितली, याकसोनची कचेरी सांगितली, सिंगापूरचा नळ सांगितला. सिक्कीम आणि भूतान दोन्ही सांगितले, एकाच वहीत. शेवटी प्रत्येकाला कोरा कागद देऊन तीन रकाने आखायला लावले: भाषा, गाव, देश. देशाला सगळ्यांनी भारत लिहिलं. गावाला सगळ्यांनी बडोदा, एकाने वडोदरा. भाषेला मात्र निम्म्या मुलांनी दोन लिहिल्या आणि विचारलं, "मावशी, दोन चालतील ना?" मी म्हटलं, चालतील.

मी सुरुवातीला "बाकी नशीब" लिहिलं होतं, ते मागे घेते. कडीच्या ताई, तुमच्या आजोबांची गोष्ट मी नाव न घेता सांगितली. ती प्रश्न विचारणारी मुलगी बाबाशाही रुपया मुठीत धरून ऐकत होती. नंतर म्हणाली, "म्हणजे त्यांना कोणी विचारलंच नाही असं नाही. पण लक्झेंबर्गमध्ये कागदावर विचारलं. आपल्याकडे असं कागदावर विचारलं होतं का?"

कडीची_लेक | शनिवार, ९.२०

ताई, माझ्याकडे आजोबांच्या सभांची पत्रकं आहेत, पिवळी पडलेली, पण वाचता येतात. पुढच्या शनिवारी घेऊन येऊ का?

विश्वामित्री | शनिवार, ९.२२

या. पाच वाजता. पत्ता व्यक्तिगत निरोपाने कळवते.